टीव्ही बॉक्सवर लॅपटॉपचं फोल्डर: ‘दिसत नाही’ वेगळं, ‘उघडत नाही’ वेगळं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवा लॅपटॉप विंडोज ११ चा. त्यातलं व्हिडिओंचं फोल्डर शेअर केलंय आणि ते अँड्रॉइड टीव्ही बॉक्सवरून पाहायचंय. जुन्या लॅपटॉपवर हे सगळं विनातक्रार चालत होतं. आता बॉक्सच्या यादीत लॅपटॉपचं नाव कधी दिसतं, कधी गायब होतं. दिसलंच तर युजरनेम-पासवर्ड मागतं आणि बरोबर दिला तरी नाकारतं. पिन देऊन झाला, फायरवॉल बंद करून झाली. आता कुणीतरी ‘एसएमबी १ चालू करा, लगेच चालेल’ असं सांगितलंय (एसएमबी म्हणजे विंडोजची नेटवर्कवरून फाइल शेअर करायची पद्धत, आणि १ ही तिची सर्वात जुनी आवृत्ती). करावं का?

आत्ता तरी नको. आणि ती बंद केलेली फायरवॉल आधी परत चालू करा, मग पुढे वाचा.

या तक्रारीत दोन वेगळी दुखणी एकमेकांत गुंतली आहेत. नाव यादीत न दिसणं हे एक आणि नाव दिसूनही फोल्डर न उघडणं हे दुसरं. दोघांचा एकमेकांशी जवळजवळ काही संबंध नाही, पण बहुतेक जण पहिल्यावर उपाय करत बसतात आणि दुसरं तसंच राहतं. पाच सेटिंग एकदम बदलल्या की कशाने काय झालं हेही कळेनासं होतं. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती कागदावर लिहून ठेवा.

आधी यादीचं बघू, कारण ते लवकर आटोपतं. पूर्वी विंडोजमध्ये नेटवर्कवरच्या यंत्रांची यादी ‘कॉम्प्युटर ब्राउझर’ नावाची सेवा सांभाळायची. घरातल्या यंत्रांपैकी एक जण यादी ठेवायचा आणि बाकीचे त्याला विचारायचे. ही सेवा एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर उभी होती. ती आवृत्ती विंडोजमधून बाहेर गेली तशी यादीही गेली. आताचं विंडोज त्यासाठी डब्ल्यूएस-डिस्कव्हरी नावाची वेगळी पद्धत वापरतं, यूडीपी पोर्ट ३७०२ वर (पोर्ट म्हणजे यंत्राचं क्रमांक दिलेलं दार). टीव्ही बॉक्सवरच्या बऱ्याच अ‍ॅपना ती अजून येत नाही. दोघांची हाक मारायची भाषाच वेगळी, म्हणून एकमेकांना ऐकू येत नाही. फाइल देण्याघेण्याचं काम मात्र टीसीपी पोर्ट ४४५ वर चालतं आणि त्याला या यादीची गरजच नसते.

तेव्हा यादीचा नाद सोडा. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग ही कमांड द्या (टाइप अर्थातच रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांत करायचं). त्यात आयपीव्ही४ अ‍ॅड्रेसपुढे १९२.१६८.१.५ असा काहीतरी पत्ता दिसेल. बॉक्सवरच्या अ‍ॅपमध्ये नेटवर्क ब्राउझ करण्याऐवजी ‘नेटवर्कवरची जागा जोडा’ अशा अर्थाचा पर्याय शोधा, प्रकार एसएमबी निवडा आणि हा पत्ता व शेअरचं नाव हाताने भरा. कोडी हे व्हिडिओ प्लेअर अ‍ॅप वापरत असाल तर तिथेही हेच करायचं. ‘विंडोज नेटवर्क’ या नोंदीवर टिचकी मारून यादी यायची वाट पाहू नका.

आता काय होतं ते नीट बघा, कारण पुढचं सगळं निदान इथे ठरतं. बराच वेळ गोल फिरत राहून शेवटी ‘जोडणी झाली नाही’ आलं, तर वाट अडली आहे. क्षणात नकार आला, तर वाट मोकळी आहे आणि ओळख पटत नाहीये. आत गेलात पण फोल्डर रिकामं किंवा ‘परवानगी नाही’ आलं, तर ओळखही पटली आणि अडचण फक्त परवानगीची उरली. एक सावधगिरी मात्र हवी: काही अ‍ॅप लॅपटॉपशी बोलण्याआधीच युजरनेम-पासवर्डचा रकाना दाखवतात. त्यामुळे रकाना दिसला म्हणजे लॅपटॉपने उत्तर दिलं असं समजू नका. नकार किती वेळाने आला ते बघा.

वर्णनावरून इथे नकार लगेच येत असावा. पण वाट अडल्याचे प्रकारही सांगून ठेवतो, कारण त्यात लोकांच्या संध्याकाळच्या संध्याकाळ जातात. माझीही गेली आहे. एकदा मी तीन तास परवानग्या उलटसुलट करत बसलो होतो आणि शेवटी कळलं की बॉक्स राउटरच्या गेस्ट वायफायवर होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. गेस्ट नेटवर्कचं कामच मुळी पाहुण्याला इंटरनेट द्यायचं आणि घरातल्या यंत्रांपासून दूर ठेवायचं असतं. काही राउटरमध्ये मुख्य वायफायलाही ‘क्लायंट आयसोलेशन’ किंवा ‘एपी आयसोलेशन’ असतं. ते चालू असलं की दोन्ही यंत्रांवर इंटरनेट झकास चालतं, पण एकमेकांशी बोलता येत नाही.

दोन राउटर असतील तर दोघांचे पत्ते जुळवून बघा. लॅपटॉप १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर आणि बॉक्स १९२.१६८.० वर असेल, तर साधारणपणे दोघे वेगवेगळ्या नेटवर्कात आहेत आणि एकाच्या मागे दुसरा राउटर लावलेला आहे. दुसऱ्या राउटरला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकलं, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता फक्त वायफाय पुरवू लागला, की हा गुंता सुटतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या यंत्राला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. तिथे शेअरिंगच्या सेटिंग तपासणं व्यर्थ आहे, आधी केबल किंवा वायफाय बघा. आणि लॅपटॉपवर किंवा बॉक्सवर व्हीपीएन चालू असेल तर चाचणीपुरतं बंद करा.

यानंतर विंडोजची स्वतःची समजूत. नव्या वायफायला जोडलं की विंडोज ते नेटवर्क ‘पब्लिक’ समजतं, म्हणजे स्टेशनावरच्या फुकट वायफायसारखं, आणि बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवतं. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, मग जोडलेल्या नेटवर्कची प्रॉपर्टीज अशा वाटेने जा आणि तिथे ‘प्रायव्हेट’ निवडा. मग अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज उघडा आणि प्रायव्हेट नेटवर्कसाठी नेटवर्क डिस्कव्हरी व फाइल अँड प्रिंटर शेअरिंग ही दोन्ही बटणं चालू करा. एवढं केलं की विंडोजची फायरवॉल आपणहून हवी तेवढी खिडकी उघडते, ती बंद करायची गरज पडत नाही. फायरवॉल बंद असतानाही नकार तोच येत होता, यावरूनच ती निर्दोष ठरते. वेगळा अँटिव्हायरस बसवलेला असेल तर त्याची फायरवॉल निराळी असते, तीही तपासा.

पिंगबद्दल, म्हणजे दुसऱ्या यंत्राला ‘आहेस का?’ असं विचारणाऱ्या कमांडबद्दल, एक शब्द. पिंगला उत्तर आलं म्हणजे यंत्र जिवंत आहे, एवढंच कळतं. उत्तर आलं नाही म्हणजे मेलं आहे असं नाही, कारण विंडोजची फायरवॉल पिंगला गप्प बसवू शकते. घरात दुसरा विंडोज संगणक असेल तर पॉवरशेलमधली टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड पत्ता आणि पोर्ट ४४५ देऊन चालवा. ती थेट फाइल शेअरिंगचं दार ठोठावते. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं की वाटेचा विषय संपला.

आता ओळख. माझ्या मते घोडं इथेच पेंड खातंय.

लॅपटॉप उघडताना तुम्ही जो पिन टाकता, तो पासवर्ड नाही. पिन त्या एका यंत्रापुरता असतो, त्या यंत्रासमोर बसलेल्या माणसासाठी. नेटवर्कवरून येणाऱ्याला तो चालत नाही, चेहरा आणि बोटाचा ठसाही नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो. नवा लॅपटॉप सुरू करताना मायक्रोसॉफ्ट खातं जोडलेलं असणार, म्हणजे युजरनेम हा तुमचा पूर्ण ईमेल आणि पासवर्ड त्या मायक्रोसॉफ्ट खात्याचा. गंमत अशी की सी ड्राइव्हमधल्या युजर्स फोल्डरात तुमच्या नावाचं जे फोल्डर असतं, त्याचं नाव बहुधा ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांचं असतं. लोक तेच युजरनेम म्हणून देतात, काही स्वतःचं पूर्ण नाव देतात, आणि मग पासवर्डवर संशय घेतात.

यात आणखी एक खोच आहे. लॅपटॉपवर पहिल्या दिवसापासून फक्त पिननेच लॉगिन केलं असेल, तर कधीकधी त्या यंत्राकडे पासवर्डची तपासायजोगी नोंदच नसते. मग ईमेल बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी नकार. एकदा पिनऐवजी पासवर्डने लॉगिन केलं की हे सुटतं, पण साइन-इनच्या सेटिंगमध्ये ‘फक्त विंडोज हॅलो’ (म्हणजे पिन, चेहरा किंवा ठसा) हा पर्याय चालू असेल तर पासवर्डचा रकाना समोर येतच नाही. उलट्या टोकाचा प्रकारही आहे. खातं लोकल, म्हणजे मायक्रोसॉफ्टशी न जोडलेलं, त्या यंत्रापुरतंच आहे आणि पासवर्डच ठेवलेला नाही. रिकाम्या पासवर्डच्या खात्याला विंडोज फक्त यंत्रासमोर बसून लॉगिन करू देतं, नेटवर्कवरून नाही.

या सगळ्या खोचा सोडवत बसण्यापेक्षा मी सरळ टीव्हीसाठी वेगळं खातं काढतो. तुम्हीही तेच करा. तसंही स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड एका टीव्ही बॉक्सवरच्या कुठल्याशा अ‍ॅपमध्ये साठवून ठेवणं मला पटत नाही. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, अदर युजर्स, अ‍ॅड अकाउंट. ईमेल विचारेल तेव्हा ‘माझ्याकडे या व्यक्तीची माहिती नाही’ अशा अर्थाची ओळ निवडा आणि पुढच्या पडद्यावर ‘मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय वापरकर्ता जोडा’. नाव छोटं, रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता. खातं स्टँडर्डच राहू द्या, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करू नका. पासवर्ड लांब ठेवा, पण फक्त अक्षरं आणि अंकांचा. बरीच अ‍ॅप युजरनेम, पासवर्ड आणि पत्ता एकाच ओळीत जोडून लिंक बनवतात. पासवर्डमध्ये अ‍ॅट, कोलन, हॅश किंवा तिरकी रेघ असली की ती लिंक चुकीच्या जागी तुटते. शिवाय रिमोटने टाइप करायचंय हेही लक्षात असू द्या.

अ‍ॅपने डोमेन विचारलं तर रकाना रिकामा ठेवा, तसं चाललं नाही तर लॅपटॉपचं नाव टाका. वर्कग्रुपचं नाव दोन्हीकडे सारखं हवं, हा सल्ला अजूनही फिरतो. लॉगिन होण्या न होण्याशी त्याचा संबंध नाही.

मग परवानगी. विंडोजमध्ये एका शेअर केलेल्या फोल्डरवर दोन पहारे असतात, एक शेअरचा आणि दुसरा डिस्कवरच्या फोल्डरचा स्वतःचा. दोघांनीही सोडलं तरच आत जाता येतं, आणि दोघांत जो कडक तोच चालतो. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंगच्या पानावर दोन बटणं दिसतात. साधं ‘शेअर’ हे बटण दोन्ही पहाऱ्यांना एकदम सांगतं. ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग’ फक्त पहिल्याला सांगतं, दुसऱ्यासाठी सिक्युरिटीच्या पानावर जाऊन ते खातं वेगळं जोडावं लागतं. अ‍ॅडव्हान्स्ड वापरून तिथे ‘एव्हरीवन’ला सगळे हक्क दिले तरी टीव्हीवर ‘परवानगी नाही’ येतं, त्याचं कारण हे. तुम्ही साधं बटण वापरा, टीव्हीचं खातं निवडा, हक्क फक्त ‘रीड’ द्या. टीव्हीला व्हिडिओ पाहायचेत, पुसायचे नाहीत. आणि पूर्ण ड्राइव्ह किंवा पूर्ण युजर्स फोल्डर शेअर करू नका. व्हिडिओंसाठी वेगळं फोल्डर करा आणि तेवढंच शेअर करा.

‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा आणि सगळ्यांना मोकळं सोडा’ हाही सल्ला तुम्हाला मिळेल. एकेकाळी चालायचा. आता नव्या विंडोजमध्ये तो कधी चालतो, कधी नाही, आणि चालला तरी घरातल्या वायफायवर आलेल्या प्रत्येक फोनला दार उघडं मिळतं.

आता एसएमबी १. ही फाइल शेअरिंगची पद्धत मुळात १९८० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मली, त्या काळच्या छोट्या, विश्वासातल्या नेटवर्कांसाठी. विंडोज विस्टासोबत दुसरी आवृत्ती आली, विंडोज ८ सोबत तिसरी. पहिली मात्र जुन्या यंत्रांसाठी तशीच ठेवली गेली. १२ मे २०१७ रोजी फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा व्हायरस पसरला तो तिच्यातल्याच एका छिद्रातून. मायक्रोसॉफ्टने त्यावरचं ठिगळ त्याच वर्षी मार्चमध्ये दिलं होतं, पण असंख्य यंत्रांवर ते लागलेलंच नव्हतं. त्याच वर्षअखेरीस आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या यंत्रांवर एसएमबी १ मुळात बसवलेलंच नसतं. तुमचा जुना लॅपटॉप बहुधा त्याच्या आधीचा असणार.

एसएमबी १ चालू केलं की फोल्डर दिसू लागतं असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. ते चालू झालं की जुनी अ‍ॅप त्यांच्या जुन्या भाषेत बोलू शकतात आणि यादीही कधीकधी परत येते. पण तुमची अडचण ओळखीची आहे, तिला याचा उपयोग नाही. शिवाय ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये एसएमबी १ च्या खाली ‘ऑटोमॅटिक रिमूव्हल’ नावाची एक उपनोंद असते. पंधरा दिवस वापर झाला नाही असं दिसलं की विंडोज तो भाग स्वतःच काढून टाकतं. ‘चालू केलं, दोन आठवडे चाललं, मग आपोआप बंद पडलं’ या तक्रारीमागे मला बरेचदा हेच सापडलं आहे.

बॉक्स खरोखरच जुना असेल तरी एसएमबी १ हा पहिला उपाय नाही. अँड्रॉइडवर प्रत्येक अ‍ॅप एसएमबीसाठीचा आपला कोड स्वतःसोबत आणतं. म्हणजे बॉक्स बदलायची गरज नसते, अ‍ॅप बदललं तरी पुरतं. व्हीएलसी किंवा कोडीची अलीकडची आवृत्ती टाकून बघा. कोडीत सर्व्हिसेसखाली एसएमबी क्लायंटच्या सेटिंग असतात, तिथे कमाल आवृत्ती १ वर अडकलेली नाही ना ते पाहा. टीव्हीच्याच आत मुळातच बसवून दिलेला प्लेअर असेल तर तुमच्या हातात फारसं काही नसतं. तिथे डीएलएनए ही व्हिडिओ पाठवायची वेगळी पद्धत वापरा. त्यात फोल्डर उघडत नाही, लॅपटॉप स्वतः व्हिडिओ वाढतो आणि टीव्ही तो घेतो. सबटायटल आणि काही फॉरमॅटचे हाल होतात, एवढं सोसावं लागतं.

उलट दिशेचा त्रासही सध्या वाढलाय, तोही सांगतो: लॅपटॉपवरून राउटरला लावलेली डिस्क किंवा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेली फाइल साठवायची पेटी) उघडत नाही. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत, प्रो आणि त्यावरच्या प्रकारांत, प्रत्येक जोडणीवर सही (वाटेत कुणी फेरफार केला नाही हे पटवणारी डिजिटल खूण) असणं सक्तीचं झालं आणि बिनपासवर्डाचा गेस्ट प्रवेश बंद झाला. सहीसाठी लागणारी किल्ली पासवर्डातून बनते, त्यामुळे पासवर्डच नसलेल्या पाहुण्याची सही होऊच शकत नाही. मग घरच्या लॅपटॉपवर ‘तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे’ असा संदेश झळकतो आणि माणूस विचार करत बसतो की कोणती संस्था. उपाय नॅसवर आहे: तिथे नाव-पासवर्डाचं खातं काढा, फर्मवेअर अद्ययावत करा, एसएमबी २ किंवा ३ चालू करा. विंडोजमधली सक्ती काढता येते, पण मी ती अगदी नाइलाजानेच काढेन.

याच दिशेला एक चकवा आहे. एकाच नॅसशी विंडोज एका वेळी एकाच नावाने बोलतं. आधी चुकीच्या नावाने जोडणी झाली असेल, तर नंतर बरोबर नाव दिलं तरी १२१९ क्रमांकाची चूक येते. क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) जुनी नोंद पुसा, लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करा, मग नव्याने जोडा.

सगळं जुळलं आणि दोन दिवसांनी पुन्हा बंद पडलं, तर बहुधा लॅपटॉपचा पत्ता बदललाय. राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटण्याच्या) सेटिंगमध्ये लॅपटॉपसाठी पत्ता राखून ठेवा. विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेस’ चालू असेल तर त्या नेटवर्कपुरतं बंद करा, नाहीतर राउटर लॅपटॉपला ओळखणार नाही. अर्ध्या सिनेमात जोडणी तुटत असेल तर लॅपटॉप झोपतोय. चार्जरवर असताना स्लीप बंद ठेवा, झाकण मिटल्यावरचंही.

फोनचं थोडक्यात. आयफोनमध्ये आयओएस १३ पासून फाइल्स अ‍ॅपमध्येच सर्व्हरला जोडायची सोय आहे, आणि टीव्हीसाठी काढलेलं खातंच तिथे चालेल. अँड्रॉइडवर फाइल मॅनेजर अ‍ॅप लागतं. पण अँड्रॉइड फोनच सर्व्हर करून लॅपटॉपवरून त्यातलं फोल्डर उघडायचं असेल, तर एसएमबीचा हट्ट सोडा. रूट न केलेल्या, म्हणजे सिस्टिमचे पूर्ण हक्क न उघडलेल्या, फोनवर अ‍ॅपला १०२४ च्या खालचे पोर्ट सहसा मिळत नाहीत, म्हणजे ४४५ नाहीच. तिथे एफटीपी ही फाइल पाठवायची दुसरी पद्धत बरी. आणि राउटरवर ४४५ पोर्ट बाहेरच्या इंटरनेटसाठी कधीही उघडू नका, कुणी कितीही सोपा मार्ग म्हणून सांगितला तरी.

तर आज रात्री एवढंच करा: फायरवॉल चालू, नेटवर्क प्रायव्हेट, टीव्हीचं नवं खातं, साध्या बटणाने फक्त वाचण्याचा हक्क, आणि बॉक्समध्ये थेट आयपी पत्ता. तरीही नाही उघडलं, तर बॉक्सवरून प्रयत्न चालू असताना लॅपटॉपवर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्सखाली सेशन्स उघडून बघा. तिथे टीव्हीच्या खात्याचं नाव दिसतंय का, आणि बॉक्सवर नकाराचे नेमके शब्द काय आहेत, हे दोन्ही मला लिहून कळवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.